फाल्गुनराव संशयी नव्हता

निवडणुकीच्या तोंडावर जागावाटपावरून दोन पक्षांत बिनसलं की ‘युतीत संशयकल्लोळ’ हा मथळा कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात ठरलेला. मथळा देणाऱ्या उपसंपादकाने नाटक पाहिलेलं असो वा नसो, वाचकाला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाटकाचं नाव भाषेत इतकं मुरणं हे लेखकाचं भाग्यच, पण त्याचा भुर्दंड नाटकाला पडतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या या नाटकात काय आहे, हे आता सगळ्यांना न वाचताच माहीत असतं. फाल्गुनराव हा जात्याच संशयी नवरा, कृत्तिका त्याला तोडीस तोड बायको, मध्ये एक तसबीर, तिच्यावरून उडालेला गोंधळ, शेवटी उलगडा आणि ‘संशय घेऊ नये’ असा बोध. या सारांशात नाटकाची गोष्ट बसते हे कबूल. फाल्गुनराव मात्र बसत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो दोन तोंडांनी बोलतो. सर्वसाधारण प्रेक्षकाचं म्हणणं असं की संशय हा फाल्गुनरावाचा पिंडच आहे आणि स्वभावाला औषध नाही. अभ्यासक जरा वेगळं सांगतो. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ लिहिलं, आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘ऑल इन द राँग’ आणलं, देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्य मराठी अवतार केला आणि पुढे पदं घालून त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. असा तीन देशांतून फिरून आलेला घोटाळा म्हणजे निव्वळ रचनेची करामत. त्यात माणसांचं मन धुंडाळत बसू नये, असा अभ्यासकाचा सल्ला. गंमत अशी की हे दोन्ही दावे एकाच लेखात, कधी कधी एकाच परिच्छेदात, गुण्यागोविंदाने नांदतात. घोटाळा जर रचनेने घडत असेल तर स्वभावाचं काम उरत नाही. आणि स्वभावाने घडत असेल तर तो स्वभाव काय आहे हे पाहावंच लागतं. मी दुसरी वाट धरतो.

मुख्य प्रसंगच घेऊ. भर रस्त्यात रेवती या तरुणीला भोवळ येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिका हे घरातून पाहते. ती तणतणत बाहेर येईपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. पडलेली असते ती फक्त रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर, तिच्याजवळून निसटलेली. कृत्तिका ती उचलून न्याहाळत असताना फाल्गुनराव परत येतो आणि त्याला दिसतं ते इतकंच, की बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर आहे. आता दोघांचे पुरावे तोलून पाहा. कृत्तिकेने नवऱ्याच्या हातांत परकी स्त्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिचा निष्कर्ष चुकीचा असेल, पण तो निष्कर्ष आहे. फाल्गुनरावाने पाहिलाय एक चेहरा. तो माणूस कोण, कुठला, जिवंत तरी आहे का, हे त्याला ठाऊक नाही. ‘ही कुणाची तसबीर?’ एवढं सरळ विचारलं असतं आणि उत्तर ऐकून घेतलं असतं, तर नाटक पहिल्या अंकातच आटोपलं असतं.

रचनावादी इथे हसून म्हणतील की सगळीच प्रहसनं अशी असतात, कुणी काही विचारत नाही म्हणून तर ती चालतात. हे उत्तर मला आळशी वाटतं. फाल्गुनराव विचारत का नाही, हाच या नाटकाचा विषय आहे. विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे बायकोपुढे कबूल करायचं. त्याहून वाईट म्हणजे, तिच्या उत्तरावर आपली अब्रू सोपवायची. ज्याला आपल्या जागेची खात्री आहे तो सहज विचारतो. ज्याला ती नाही, त्याला आरोप करणं सोपं जातं. कारण आरोप करणारा निदान न्यायाधीशाच्या खुर्चीत तरी बसलेला असतो.

आणि त्याचं पुढचं वागणं पाहा. खरा संशयी माणूस पुरावा जपतो. तो तसबीर होती तिथेच राहू देईल, बायकोवर पाळत ठेवील, पाहिलं ते पोटात ठेवील. फाल्गुनराव तसबीर हिसकावून घेतो आणि पुढे ती त्याच्याच हातात अश्विनशेटच्या दृष्टीस पडते. नाटकातल्या गोंधळाचा उरलेला अर्धा भाग त्यातूनच जन्मतो. घरची भानगड तो घरात ठेवत नाही. ती रस्त्यावर येते, रेवतीच्या घरापर्यंत पोचते. अब्रूची एवढी धास्ती असलेला माणूस अब्रू गेल्याचं गावभर सांगत सुटतो, हे स्वभावाच्या सिद्धान्तात कसं बसवणार? संशय म्हणून पाहिलं तर ही विसंगती आहे. पण हा माणूस आपल्याबद्दलचं एक चित्र लोकांपुढे उभं करतो आहे असं धरलं, की सगळं जागच्या जागी बसतं. फसवला गेलेला, तरीही कुणाला न फसणारा, सगळं वेळीच ताडणारा चाणाक्ष गृहस्थ: ही भूमिका त्याला सापडली आहे आणि ती त्याला भलतीच आवडली आहे. भादव्या या घरगड्यापुढे तो जो चतुराईचा आव आणतो, तो चोर पकडायच्या कामाचा नाहीच. घरात आपलं कुणीतरी ऐकतं, आपल्या हुशारीची कुणीतरी दखल घेतं, एवढंच त्याला त्यातून हवं आहे.

ज्या चेहऱ्याने हे सगळं सुरू केलं त्याच्याकडे समीक्षकांचं लक्ष फारसं गेलेलं नाही. फाल्गुनरावाचा पहिला प्रतिस्पर्धी हाडामांसाचा माणूस नाही, ती एक तसबीर आहे. तसबीर, मग ती छायाचित्र असो की रंगवलेली, माणूस स्वतःला सर्वांत बरं दिसायचं ठरवतो त्या घटकेची असते. उत्तम पोशाख, बसण्याची ऐट, चेहऱ्यावर आणलेला भाव. अश्विनशेटने रेवतीला दिलेली तसबीर तर प्रेयसीला द्यायची म्हणून दिलेली. त्यात त्याचं काही उणं दिसायची सोयच नाही. फाल्गुनरावाला रंगभूमीवर प्रौढ दाखवण्याची रूढी आहे, आणि ती मला योग्यच वाटते. प्रौढ वयाचा एक माणूस, रोजच्या अवतारात, एका तरुणाच्या सर्वोत्तम घटकेशी स्वतःची तुलना करतो आहे. अशा तुलनेत कोण जिंकणार? (आजच्या काळात दुसऱ्यांची सहलीची छायाचित्रं फोनवर बघत स्वतःशीच कुढणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये.) तसबीर पाहून त्याला बायकोचं काही नवं कळलेलं नाही. जे कळलं ते स्वतःबद्दलचं आहे, आणि ते कुणाच्या तोंडून ऐकायची वेळ येऊ नये म्हणून तो स्वतःच ओरडतो.

कुणी म्हणेल, एका प्रहसनावर हा भार जरा जास्तच होतोय. एकच नाटक असतं तर मीही बिचकलो असतो. पण देवलांनी हाच माणूस पुन्हा पुन्हा लिहिला आहे. ‘फाल्गुनराव’च्या तीनच वर्षं आधी, १८९० साली, त्यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं होतं. शेक्सपिअरचा सेनापती रणात निर्धास्त, घरात मात्र धास्तावलेला. आपला वर्ण, आपलं उतरतं वय, आपल्या बोलण्यात नसलेली दरबारी सफाई हे सगळे सल त्याच्या मनात आधीच असतात, खलनायक फक्त त्यांच्यावर बोट ठेवतो. तिथे पुरावा म्हणून एक रुमाल, इथे एक तसबीर. दोन्ही वस्तू क्षुल्लक, दोन्ही वाटेत पडलेल्या, दोन्हींनी सिद्ध काहीच होत नाही. तीन वर्षांत एकच लेखक दोनदा या गोष्टीकडे वळतो, एकदा रडवायला आणि एकदा हसवायला, याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

कृष्णाकाठाचा एक हिशेब जाता जाता मांडून ठेवतो. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर जन्मले १८५६ साली. त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते ‘विकारविलसित’ नावाने. त्याच नदीवर खाली सांगलीशेजारच्या हरिपूरचे देवल जन्मले १८५५ साली. त्यांनी ‘ऑथेल्लो’ आणलं. आणि ज्या शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशांनी हॅम्लेट आणि झुंजारराव या दोन्ही भूमिका गाजवल्या, त्या मंडळीच्या नावातलं शाहूनगर म्हणजे सातारा. मनात एक आणि लोकांपुढे दुसरं असं जगणारा नायक मराठी रंगभूमीला या सातारा-सांगलीच्या पट्ट्याने दिला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होऊ नये. त्याआधीचं चित्र वेगळं होतं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासूनच्या त्या खेळांत राक्षस अललडुर्र करत यायचा, आणि तो आतून कसा आहे हा प्रश्न कुणाला पडायचा नाही. रंगवलेलं तोंड हाच तो राक्षस. बरोबर पन्नास वर्षांनी आलेला फाल्गुनरावही अललडुर्र करतोच, पण इथे आरोळीमागे माणूस आहे आणि तो घाबरलेला आहे.

तिसरा पुरावा ‘संगीत शारदा’तला. ‘शारदा’ म्हणजे जरठ-कुमारी विवाहावरचं सुधारकी नाटक, असा शिक्का बसल्यावर भुजंगनाथाकडे कुणी माणूस म्हणून बघत नाही. (हा शिक्का इतका घट्ट की १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते या नाटकावरून, असं आजही कुणी कुणी छातीठोकपणे सांगतं. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांच्या आडनावाचं आहे.) भुजंगनाथ लंपट आहे, पैशाच्या जोरावर कांचनभटाची मुलगी शारदा विकत घ्यायला निघाला आहे, हे खरंच. पण देवल त्याला पाऊणशे वर्षांचा करतात आणि वर आपण तरुणच आहोत असं त्याला वाटत राहण्याची सोयही करून देतात. भद्रेश्वर दीक्षिताची कमाई निव्वळ लग्न जुळवण्याची नाही. म्हाताऱ्याला तो तरुण आहे असं पटवत राहण्याची आहे. भुजंगनाथाला मुलगी हवी तशी ही ग्वाहीसुद्धा हवी. त्याचं लग्न मोडतं तेही वयावरून नव्हे. वधूवर सगोत्र आहेत ही झाकलेली गोष्ट नायक कोदंड उघडी पाडतो म्हणून मोडतं. वय झाकायचं, गोत्र झाकायचं, आणि उरेल त्यावर श्रीमंतीचा साज चढवायचा. झुंजारराव, फाल्गुनराव, भुजंगनाथ: एक वीर, एक मध्यमवर्गीय गृहस्थ, एक धनाढ्य म्हातारा. तिघांचीही अडचण एका तरुण स्त्रीपुढे आपण कसे दिसतो ही आहे. समीक्षेने यांना शोकांतिका, प्रहसन आणि सामाजिक नाटक अशा तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवून दिलं, म्हणून ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत हे लक्षात येत नाही.

नाटक परक्या देशातलं आहे हा आक्षेपही मूळ फ्रेंच नाटकापर्यंत गेलं की आपल्याच बाजूने साक्ष देतो. मोलिएर स्वतः स्गानारेलचं काम करीत असे. त्या नाटकातला सर्वांत मजेदार भाग म्हणजे सूड उगवायला स्गानारेल चिलखत चढवून येतो आणि शत्रू समोर असताना त्याची छाती होत नाही. अब्रूपायी मरण्यात शहाणपण कितपत, याचा तो लांबलचक हिशेब मांडतो. म्हणजे फ्रेंच नाटकातही मुद्दा बायकोच्या शीलाचा नव्हताच, नवऱ्याने कुठला वेश घेऊन जगापुढे उभं राहायचं हा होता. डोळ्यांनी दिसलं तरी विश्वास ठेवू नका हा बोधही मोलिएरने शेवटी जोडलेला आहे, आणि आपले लोक देवलांच्या नाटकाचं सार म्हणून तेवढाच उचलतात. फाल्गुनरावाला चिलखताची गरज पडत नाही. नवरेपणाचा अधिकार पुरतो.

देवलांना हा माणूस कुठे भेटला असेल? हरिपूर हे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, संगमेश्वराच्या देवळाचं, आणि सांगलीच्या हळदीच्या पेठेला जोडलेलं. तिथे जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवत. पेवाचं तोंड बुजवलं की आत माल किती आणि कसा, हे वरून कुणाला दिसत नाही. छोट्या संस्थानी गावातल्या प्रतिष्ठित माणसाचंही तसंच असावं: आत काय शिल्लक आहे ते एकट्या धन्याला ठाऊक, बाहेर व्यवहार नावावर चाललेला. हा माझा तर्क आहे. पण पदं आणि गद्य यांची देवलांनी केलेली वाटणी तर्काच्या पलीकडची आहे. संगीत रूपातली पदं मुख्यतः अश्विनशेट आणि रेवती यांच्या वाट्याला आली आहेत. संगीत नाटकात पद ही मनातलं खरं बोलायची जागा असते; रागावलेला अश्विनशेटही गाऊ लागला की दुखावलेला प्रियकर म्हणून उघडा पडतो. फाल्गुनरावाचं राज्य गद्याचं, म्हणजे पवित्र्याचं, टोमण्याचं, उलटतपासणीचं. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं, त्याच वर्षी देवल वारले. बालगंधर्वांची रेवती गाण्यासाठी जेवढी नावाजली गेली, तेवढाच गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव बोलण्यासाठी. लोक हसले आणि लोकांनी ठरवलं की हा विनोदी नट आहे. पुढे गाण्यांच्या मैफलीसारखे प्रयोग होऊ लागले तेव्हा कात्री लागली ती फाल्गुनरावाच्या बोलण्यालाच.

उरला एक आक्षेप, आणि तो सर्वांत दमदार आहे. या नाटकात संशय सगळेच घेतात. अश्विनशेट घेतो, रेवती घेते, कृत्तिका तर नवऱ्याच्या वरताण. मग एकट्या फाल्गुनरावाचं मन उकलायचं कारण काय? रेवतीचं उत्तर सोपं आहे. ती नायकिणीची मुलगी, ‘मृच्छकटिका’तल्या वसंतसेनेची देवलांकडची धाकटी बहीण. आपण विकाऊ आहोत असं जग धरून चालतं हे तिला माहीत आहे, म्हणून तिला एकनिष्ठा नुसती पाळून भागत नाही, दिसेल अशी पाळावी लागते. तिच्या धास्तीला कारण आहे. अश्विनशेटचा संशय प्रेमाच्या पोटी आलेला आणि तेवढ्यापुरता. कृत्तिकेचं प्रकरण निराळं, आणि इथे मला नाटकाचं मर्म दिसतं.

कृत्तिका नवऱ्यावर परस्त्रीचा आरोप करते तेव्हा ती नकळत काय म्हणत असते? की रेवतीसारखी सुंदर तरुणी तुमच्यावर भाळू शकते. ज्याला आपण कुणाला आवडत असू याचीच खात्री नाही, अशा माणसाला यापेक्षा मोठी पावती कोण देणार? तो आरोप झटकून टाकतो, चिडतो, पण त्या आरोपानेच त्याच्या जखमेवर फुंकर घातली जाते. प्रेक्षक ज्याला दोन संशयी माणसांची जुगलबंदी समजतो, ती मला एका जोडप्याची चमत्कारिक देवघेव वाटते. तो तिच्यावर डाफरून आपलं नवरेपण सिद्ध करतो. ती त्याच्यावर डाफरून त्याला पुरुष म्हणून अजून किंमत आहे हे सांगते. म्हणून हा संसार मोडत नाही, आणि म्हणूनच शेवटचा दिलजमाईचा प्रसंग वरून चिकटवलेला वाटत नाही. बोधाने माणूस सुधारला असं मी मानत नाही; पडदा पडल्यावर फाल्गुनराव पुन्हा संशय घेणार याबद्दल मला शंका नाही. पण कृत्तिकाही तयारच असेल.

झुंजाररावाच्या घरी नेमकं हेच नव्हतं. त्याची बायको कमळजा उलटून भांडत नाही. निष्पाप असल्याचा तिचा भरवसा इतका सरळ आहे की नवऱ्याच्या मनातल्या खड्ड्याचा तिला अंदाजच येत नाही, आणि त्या खड्ड्याचा पुरता अंदाज असलेला खलनायक जाधवराव मात्र रोज शेजारी उभा असतो. फाल्गुनरावाच्या नशिबाने त्याच्या शेजारी भादव्या आहे आणि समोर कृत्तिका. दोन्ही नवऱ्यांचं दुखणं एकच. एकीचा जीव गेला, दुसरीचा वाचला, तो नवऱ्याच्या चांगुलपणाने नव्हे. तेव्हा फाल्गुनराव धास्तावलेला आहे असं म्हटल्याने त्याला दयेची सूट मिळते अशी भीती कुणी बाळगू नये. धास्तावलेला माणूस सत्तेच्या जागी बसला की संशयी माणसापेक्षा जास्त धोक्याचा असतो, आणि हे देवलांनी प्रहसन लिहायच्या तीन वर्षं आधीच रंगभूमीवर रक्त सांडून दाखवलं होतं.

हे पटत असेल तर प्रयोगात एक साधा बदल करून पाहता येईल. मी पाहिलेल्या प्रयोगांत फाल्गुनराव तसबीर हिसकावताच कृत्तिकेकडे वळतो आणि वाक्यांचा भडिमार सुरू करतो. टाळी तिथे घ्यायची ठरलेली. त्याने आधी तसबीर नीट बघावी. दोन श्वास जाऊ द्यावेत. पगडी, उपरणं सारखं करावं, पोट जरा आत घ्यावं, आणि मग ओरडावं. संहितेतला एक शब्दही बदलावा लागत नाही. हशा दोन श्वास उशिरा येईल, एवढाच काय तो तोटा. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या हौशी मंडळीने राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमीत करून बघायला हरकत नसावी.